घरपट्टीची तीन दरपत्रकं

टाचण्यांचा डबा घ्यायचा असला तरी तीन दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याच्यापुढं लाल शाईनं खूण करायची, हे काम मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं केलं. मग उरलेलं आयुष्य कुठं काढायचं हे मी एकाही दरपत्रकाशिवाय ठरवावं, अशी अपेक्षाच मुळात चुकीची आहे. पण हे आमच्या घरात कुणाला पटेल तर शपथ.

"राहायला जागा बघायचीय का टाचण्या घ्यायच्यात?" वनमाला म्हणाली. वनमाला म्हणजे आमची सौभाग्यवती. हे वाक्य ती आतून, स्वयंपाकघरातून म्हणाली, म्हणजे शेजारी ऐकू जाईल इतक्या आवाजात.

परिस्थिती अशी होती. मेअखेर मी निवृत्त झालो. बीडचं सरकारी क्वार्टर एकतीस ऑगस्टच्या आत रिकामं करायचं होतं. वनमालाची मागणी एकच. "एकतीस वर्षं सरकारच्या भिंतीला खिळा ठोकायची भीती वाटली. आता कुठंही चला, पण भिंत आपली पाहिजे." आणि एकतीस तारखेपर्यंत ठरलं नाही तर ती वडवणीला तिच्या बहिणीकडं जाणार होती आणि मी माझ्या तक्त्यात राहायचं होतं. हेही तिनं आतूनच सांगितलं.

जागा तीन होत्या. एक, बीडमध्येच छोटं घर. दोन, वडवणीत मेहुणी रोहिणीच्या शेजारचं विकाऊ घर. आणि तीन, आमचं गाव. ते नांदूरघाटच्या अलीकडं आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं निवडणुकीचा विषय येणार आहे आणि गावात अजून सगळे एकमेकांशी बोलायला लागलेले नाहीत. गावात माझ्या नावावर दोन खोल्या आहेत आणि त्यांना लागून धाकटा भाऊ बिभीषण राहतो.

आता तुम्ही म्हणाल, घराची किंमत बघावी, पाणी बघावं, दवाखाना बघावा, घरपट्टी काय बघायची? अहो, घर एकदाच घ्यायचं असतं. घरपट्टी मरेपर्यंत असते. पेन्शनर माणसानं दरवर्षीचा खर्च बघायचा असतो. हे मी मोहनरावांनाही सांगितलं. मोहनराव क्वार्टरच्या शेजारी स्वतःच्या घरात राहणारे, जिल्हा परिषदेतून माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेले, म्हणजे निवृत्तीत मला सीनियर. त्यांनी चष्मा पुसत स्वतःचं बिल दाखवलं. घरपट्टी एक ओळ आणि तिच्याखाली सगळं गोत: दिवाबत्ती, स्वच्छता, शिक्षण, रोजगार हमी, वृक्ष.

"वृक्ष? तुमच्याकडं झाड कुठंय?"

"कुंडीत तुळस आहे," मोहनराव म्हणाले. "पण भाऊसाहेब, तुम्ही घर वहिनींच्या नावावर घ्या. सवलत मिळते म्हणे. माजी सैनिकांना तर माफीच असते. सैन्यात होता का तुम्ही?"

"मी लघुपाटबंधाऱ्यात होतो."

"मग नाही मिळणार," ते हळहळले. मीही उगीच हळहळलो.

ऐकीव माहितीवर मी एकतीस वर्षांत कधी टिपणी टाकलेली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी थेट पालिकेच्या खिडकीवर गेलो. आतल्या मुलीनं मालमत्ता क्रमांक विचारला. नाही म्हटलं. पत्र्याचं का स्लॅबचं, स्वतः राहता का भाड्यानं दिलंय, वॉर्ड कुठला? म्हटलं, बाई, अजून घर नाही. घेतलं तर किती कर बसेल, तेवढा अंदाज लेखी द्या.

ती बिचारी माझ्याकडं बघतच राहिली. "काका, हितं लोक कर कमी करून घ्यायला येतात. घर नसताना कर मागायला आलेले तुम्ही पहिलेच."

रांगेतली माणसं हसली. हसू देत. मला लागलं ते 'काका'. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ठेकेदारसुद्धा मला भाऊसाहेब म्हणून खुर्ची पुसून द्यायचे. मी तक्त्यात बीडपुढं मोहनरावांचा आकडा टाकला, वृक्षासकट, तो पेन्शनीला झेपणारा नव्हता म्हणून बीडवर फुली मारली आणि वडवणीची गाडी धरली.

वडवणीत मात्र मी पद्धतशीर काम करायचं ठरवलं. एका घराचा आकडा म्हणजे काही दर नव्हे. म्हणून साडू राधाकिशन दुकानात गेले आणि रोहिणीनं चहा टाकला तेवढ्यात मी लांब रजिस्टर काखेत घेऊन गल्लीत निघालो. पहिल्याच दारात केशरबाई नावाच्या आजी गहू निवडत बसल्या होत्या. मी अदबीनं विचारलं, "आजी, तुमची घरपट्टी किती येते? आणि खोल्या किती?"

आजींनी आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग रजिस्टरकडं, मग कानावरच्या पेनाकडं. "खोली एकच हाय," त्या म्हणाल्या.

मागं तर तीन दिसत होत्या. एकीला नुकताच गुलाबी रंग दिलेला होता.

"आणि ती?"

"त्यो गोठा हाय."

"गुलाबी?"

"शेळ्यायला लई आवडतो," आजी म्हणाल्या आणि उठून घाईनं आत गेल्या.

मी पुढच्या घराकडं वळलो. तेवढ्यात गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो गेलेला होता, पाठमोरा, खाली मजकूर: 'नवीन मोजणीवाला आलाय, वाढीव बांधकाम झाका.' हे मला मागाहून समजलं. त्यावेळी एवढंच दिसलं की लोकांना अचानक जनावरांची माया फुटली. कुणी दिवाणखान्यात म्हैस ओढत होतं, म्हैस नको म्हणत होती. कुणी वरच्या मजल्याच्या जिन्यावर कडबा टाकत होतं. एका गृहस्थांनी तर माझ्यासमोर नळाच्या तोटीवर गोधडी टाकली आणि "पाहुणे, बसा की" म्हणून तिच्यावर मलाच बसवलं. मी जीव तोडून सांगत होतो की मी नगरपंचायतीचा नाही, मी रोहिणीचा दाजी आहे. त्याचा एवढाच उपयोग झाला की सगळ्या गल्लीला कळलं, हे संकट कुणाच्या घरून आलंय.

संध्याकाळी राधाकिशन दुकानातून आले ते चप्पल न काढताच बोलले. "दाजी, केशरबाईच्या शेळीनं नवी गादी खाल्ली. त्या माझ्या दुकानावर येऊन बसल्यात. तुमी आता काही दिवस हिकडं येऊ नका. म्हंजे, या. पण वही आणू नका. म्हंजे, नकाच येऊ."

रोहिणीनं डबा बांधून दिला, पण दारापर्यंत सोडायला आली नाही. घरी वनमालाला फोन आधीच पोचलेला होता. त्या दिवशी ती आतून बोलली नाही, समोर येऊन बोलली, आणि ते जास्त वाईट असतं. "माझ्या बहिणीचं दार मला बंद करून आलात. आता राहिलं गाव. तिथं तरी वही काढू नका."

गावाचं मला टेन्शनच नव्हतं. तक्त्यात गावापुढं मी आधीच 'शून्य (अंदाजे)' लिहून ठेवलं होतं. मोहनरावांनाही मी ऐटीत सांगत असे, "आमच्या गावाकडं घरपट्टीबिरपट्टी काही नाही. एवढ्या वर्षांत मला एक नोटीस नाही आली." पण अंदाजे लिहिलेल्या आकड्यावर सही करायला माझा हात होत नाही. लेखी पाहिजे. शिक्का पाहिजे. जावक क्रमांक पाहिजे. हीच माझी चूक झाली आणि ती कारकुनाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

मंगळवारी मी गावात उतरलो आणि थेट ग्रामपंचायतीत गेलो. बिभीषणाकडं नंतर जाऊ म्हटलं, काम आधी. ग्रामसेवक सोमेश्वर नावाचा तरुण पोरगा. हुद्द्याचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी असं झालंय, पण लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात. मी म्हटलं, माझ्या दोन खोल्यांचा कर किती आणि बाकी किती, ते लेखी द्या.

"म्हंजे येणे बाकी नसल्याचा दाखला," तो म्हणाला आणि त्यानं लगेच छापील फॉर्म काढला. फॉर्मचा गठ्ठा टेबलावरच होता. हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. "कारण काय लिहू साहेब?"

"निवृत्तीनंतर गावात राहण्याबाबत निर्णय घेणेकामी."

त्यानं डोळा बारीक केला. "समजलं. सगळे असंच कायतरी लिहितेत. गुरवारी घेऊन जा, शुक्रवारपर्यंतच मुदत हाय."

कसली मुदत, हे मी विचारलं नाही. सरकारी कागदाला मुदत असतेच.

बाहेर नाथाचं हॉटेल आहे. मी टेकलो न टेकलो तोच नाथानं फडकं मारून बाक पुसला. किती दिवसांनी कुणी माझ्यासाठी बाक पुसला होता! "साहेब, चांगलं केलं. शिकल्यालं मानूस पायजेलच व्हतं. पण आदी कावून न्हाई सांगितलं? आमी तयारी केली असती."

मला वाटलं, गावात राहायला येतोय म्हणून लोकांना आनंद झालाय. डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. भोवती आठदहा माणसं जमली. एक म्हणाला, साहेब पाटबंधाऱ्यात होते, आता पाणी आलंच म्हणून समजा. मी सांगितलं, बाबा, मी भत्त्यांची बिलं आणि स्टेशनरी बघत होतो, मी कधी साधा नळ फिरवला नाही. तर तो शेजारच्याला म्हणाला, "बघ, कसा गर्व न्हाई."

मग एकानं विचारलं, "पर बिभीषणाचं काय? त्यो दोन नंबर वार्डातून फारम भरणारे ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. फॉर्मला करबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागतो. आमच्या गावात स्वतःहून घरपट्टीची चौकशी करणारा माणूस पाच वर्षांतून एकदाच दिसतो आणि तो उमेदवार असतो.

मी ताडकन उभा राहिलो. "मी उभा राहणार नाही!" म्हणून ओरडलो. सगळे समाधानानं हसले.

"आज असंच म्हनायचं असतंय," नाथा म्हणाला. "शुक्रवारी बगू."

बिभीषणाच्या घरी गेलो तर तो रानात गेलेला. कडूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती भिंतीशी बोलल्यासारखी बोलली, "भाकर करू का, का बाहेरच झालं?" नेहमी ती विचारत नाही, ताट वाढते. मी समजावून सांगायला लागलो तर ती जनावरांना पाणी दाखवायला उठली. बिभीषणाला फोन लावला तर तो उचलेना. चार वेळा लावला. संध्याकाळच्या गाडीनं मी बीडला परत आलो आणि वनमालाला सगळं सांगितलं.

"भाऊजी दोन वर्षांपासून म्हणतायत, एकदा मेंबर व्हायचंय," ती म्हणाली. "दिवाळीला तुमच्यासमोरच म्हणाले. तुम्ही पेपर वाचत होता."

मला आठवेना. हे मी कबूल करतो. तीन जागांच्या घरपट्ट्या मला पाठ होत्या आणि सख्खा भाऊ काय म्हणाला ते मला आठवत नव्हतं.

"गुरुवारी मी येते," ती म्हणाली. "भाऊजी बोलले नाहीत तर मी त्या गावात राहणार नाही. शेजारी तोंड फिरवून बसलेला दीर आणि आपण आपल्या भिंतीला खिळे ठोकत बसायचं, असलं घर मला नको." म्हणजे आता तिन्ही दारं बंद आणि क्वार्टर सोडायला नऊ दिवस.

गुरुवारी आम्ही दोघं पोचलो तर फाट्यावरच दोन पोरं मोटारसायकल घेऊन उभी. "साहेब, वार्ड तीन मोकळा हाय, न्हाईतर दोनच घ्या, भाऊ बसंल खाली." मी त्यांना झिडकारलं. ते म्हणाले, "साहेबांचा सोभाव कडक हाय, शिस्त लागंल गावाला." आमच्या गावात माणसाला नाही म्हणायची सोयच नाही.

बिभीषण ओट्यावर बसला होता. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्रीच्या घड्या अजून तशाच. तो शर्ट त्यानं फॉर्म भरायला म्हणून शिवला होता, हे कडूबाईनं वनमालाच्या कानात सांगितलं, पण मला ऐकू येईल असं. मी काही बोलायच्या आत तो उठला, आत गेला आणि साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी घेऊन आला. तोंडाला सुतळी बांधलेली. ती त्यानं माझ्या मांडीवर ठेवली.

"घ्या. ह्या लागतेत फारमाला. सोमेश्वर म्हणंल रेकॉर्ड सापडत न्हाई. तवा ह्या दाखवा."

मी सुतळी सोडली. आत पावत्या होत्या. घरपट्टीच्या, दिवाबत्तीच्या, पाणीपट्टीच्या. पिवळ्या पडलेल्या, काही उंदरानं कुरतडलेल्या, प्रत्येक वर्षाची वेगळी. आबा, म्हणजे आमचे वडील, गेले त्या वर्षापासूनच्या. सव्वीस वर्षांच्या पावत्या. आणि प्रत्येकीवर नाव माझं. आश्रुबा.

"हे कुणी भरलं?" मी विचारलं. असला प्रश्न फक्त मीच विचारू शकतो.

"तलाठ्यानं," कडूबाई चुलीजवळून म्हणाली.

"कडू, गप," बिभीषण म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "मी भरलं. दर साली माझं भरायला जायचो, तवा तुमचंबी भरायचो. त्यात काय."

"पण मला सांगायचंस तरी! आणि पावत्या माझ्या नावानं कशाला फाडल्या?"

आता तो चिडला. इतके दिवस साठलेलं बाहेर आलं. "दादा, तुमी हापिसात काय करत व्हता हो? घर तुमच्या नावावर, मग पावती माझ्या नावावर फाटंल का? आन सांगायचं काय? तुमी येता दिवाळीला, एक रात. त्यात पावत्या दावत बसू? तुमी आमच्या गावाला घरपट्टीच न्हाई म्हनून सांगत फिरता, मला बीडात तिघांनी सांगितलं. म्हणलं सांगू द्या. थोरला हाय, त्याच्या नावावर बाकी दिसाया नको."

मी मान खाली घातली. वनमालाकडं बघायची हिंमत नव्हती.

"आता तुमीच उभं राहा," बिभीषण म्हणाला. "दोघं भाऊ एकाच वार्डात समोरासमोर, हे मला जमायचं न्हाई. मी शर्ट काढून ठेवतो."

"अरे मी उभा राहत नाही रे!"

"समदे असंच म्हंतेत."

आता मात्र मी सगळं सोडलं. त्याचा हात धरला, पिशवी काखेत मारली आणि त्याला भर गावातून ओढत ग्रामपंचायतीत नेलं. मागून वनमाला, तिच्यामागून कडूबाई, मागं नाथाच्या हॉटेलातली सगळी बैठक. लोकांना वाटलं, भांडण आता हातघाईवर आलंय. सोमेश्वरानं घाबरून खुर्ची मागं सरकवली. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "माझा अर्ज रद्द करा. कागद द्या, लेखी लिहून देतो. मी उमेदवार नाही. मी याचा सूचक आहे. कुठं सही करू?"

पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. सोमेश्वर म्हणाला, "सूचकाला मतदार यादीत नाव लागतंय साहेब. तुमचं बीडात आसंल."

यादी काढली. माझं नाव बीडला नेण्यासाठी मी भरलेला अर्ज कुठंतरी अडकला असणार, कारण गावच्या यादीत मी जसाच्या तसा होतो, बिभीषणाच्या वरच्या ओळीत. मी बिभीषणाच्या फॉर्मवर सूचक म्हणून सही केली. बिभीषण माझ्या सहीकडं बघत होता. "नीट करा," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजातला करडेपणा मात्र जरा कमी झाला होता.

मग मी खिशातून पाकीट काढलं. सव्वीस वर्षांचं तो घेणार नाही, हे मला त्याच्या तोंडावरून कळत होतं आणि ते भर गावात काढून मला त्याचा आणखी अपमान करायचा नव्हता. पण म्हटलं, निदान या वर्षाचं तरी मी माझ्या हातानं भरतो. "सोमेश्वर, दोन खोल्यांची पावती फाड. आश्रुबाच्या नावानं. पैसे आश्रुबा देतोय."

सोमेश्वरानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आणलं आणि मान हलवली. "ह्या सालाचं भरल्यालं हाय साहेब. एप्रिलातच. पाच टक्के सूट असती ना, बिभीषणभाऊ पैल्या आठवड्यातच येतेत."

पाकीट हातात धरून मी उभाच राहिलो. स्वतःच्या घराची घरपट्टी भरायचं ठरवलं तर तीही मला भरता येईना. इतकी फजिती एखाद्या उमेदवाराची डिपॉझिट गेल्यावरसुद्धा होत नसेल.

"आता थेट पुढच्या एप्रिलात या," सोमेश्वर म्हणाला.

"यायचं कुठून?" वनमाला मागून म्हणाली. "आम्ही इथंच असू."

बिभीषणानं चमकून तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोन दिवसांत पहिल्यांदा. तोंडानं मात्र तो कडूबाईलाच म्हणाला, "दोन्ही खोल्या आजच सारवून घ्या मग. आन दादांच्या खोलीतलं सोयाबीन काढा, त्यायला धुळीची शिंक येती." कडूबाई त्याआधीच निघाली होती, वनमालाचा हात धरून.

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. पण निदान एकदा विचारायला काय हरकत होती?